तळवे बघितलेत का?

२ एप्रिल, गुरुवार

सगळं बदललं ते आज दुपारी, जेव्हा दादाच्या उशाशी एक पिशवी टांगली आणि त्या पिशवीत मी होतो.

म्हणजे माझ्या कमरेच्या हाडातनं सकाळी उपसलेला मगज. मला वाटलं होतं काहीतरी अजब दिसेल. रक्तासारखंच दिसतं, जरा दाट, बस्स. दादाच्या छातीत बसवलेल्या नळीतनं तो थेंब थेंब आत गेला. वहिनी काचेपलीकडनं बघत होती. एका हातानं पर्सचा पट्टा पिळत होती आणि दुसऱ्या हातानं आम्हाला टाटा करत होती, जसं काही आम्ही सहलीला निघालोय.

दादा म्हणाला, "भडकू, आत शिरताना तरी गुपचूप शीर रे बाबा."

भडकू म्हणजे मी. घरात हेच नाव चालतं. कॉलेजात मास्तर म्हणाले, "बाहेर जा," तर मी गेलो आणि परत गेलोच नाही. त्याला आता सात महिने झाले. दादाला रक्ताचा कॅन्सर निघाला त्याच्या आधीची ही गोष्ट, पण आई नातेवाइकांना सांगते की भावासाठी कॉलेज सोडलं. मीही खोडून काढत नाही.

हातातनं मशीन लावूनही काढता येतं म्हणे. ते सोपं. पण मोठ्या बाई (म्हणजे इथल्या मुख्य डॉक्टर, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात) म्हणाल्या, "हाडातलं घेतलं तर पुढं दादाला त्रास कमी होण्याची शक्यता आहे. तुझी कंबर चार दिवस ठणकेल, चालेल?" मी म्हटलं, चार वर्षं ठणकू दे. आत्ता पालथा पडून लिहितोय. चार वर्षं जरा जास्तच बोललो.

आणि ती. पिशवी लावण्याआधी तिनं पिशवीवरचं नाव मोठ्यानं वाचलं, दादाकडून त्याचं नाव वदवून घेतलं, मग दुसऱ्या सिस्टरकडून पुन्हा वाचून घेतलं. मास्कच्या वर फक्त डोळे. मला म्हणाली, "तुम्हाला गरगरतंय का? बसा." गरगरत होतंच. पण ते भुलीच्या औषधानं नव्हतं, हे मी इथं लेखी देतो.

५ एप्रिल, रविवार

भांडलो. मोठ्या बाईंशी.

आज आणि उद्या दादाला एक औषध चढवणार आहेत, ते म्हणे माझ्याच पेशी मारतं. मी म्हटलं, मग काढल्या कशाला? कंबर काय हौस म्हणून फोडून घेतली? बाई काही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या पेशी दादाच्या अंगात गेल्या की त्यातल्या काहींना वाटतं, हे घर परकं आहे. त्या उसळतात. कातडी, आतडी, यकृत, दिसेल त्यावर तुटून पडतात. या दोन दिवसांत ज्या सगळ्यात जास्त उसळलेल्या असतात त्यांनाच हे औषध गाठतं. शांत असतात त्या वाचतात, आणि त्यांच्यातनंच नवीन रक्त तयार होतं."

वहिनी म्हणाली, "म्हणजे ह्याच्यातलं भांडकुदळ तेवढं मारायचं. मग उरणार काय हो डॉक्टर? नख?"

दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला. तोंड मात्र त्याचं बरं आहे. मागच्या आठवड्यात जहाल औषध चढत असताना त्याला सतत बर्फ चोखायला लावला होता, तोंड सोलवटू नये म्हणून. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, अंधाऱ्या बोगद्यात तासन्‌तास लटकून काम करायची सवय, त्यामुळं सांगितलेलं मुकाट करतो. मी असतो तर बर्फाची वाटी भिरकावली असती.

ती आज आली नाही. सुट्टी असावी.

१४ एप्रिल, मंगळवार

फूल घेऊन गेलो होतो. एकच. पांढरं. दाराशीच अडवलं. आणि अडवलं कुणी? तिनंच.

"फुलं आत चालत नाहीत."

"पेशंटसाठी नाहीये."

"कुणासाठीही असू दे. पाकळ्यांत बुरशी असते. यांच्या अंगात सध्या शिपाई एक नाही, बुरशी थेट छातीत जाऊन बसते."

मी फूल खाली कचऱ्याच्या डब्यात टाकलं, कोपरापर्यंत हात धुतले, परत आलो. तिनं घड्याळाकडं बघून मला पुन्हा धुवायला लावले. "अंगठे राहिले," म्हणाली. माझ्या अंगठ्यांकडं तिचं लक्ष होतं.

२४ एप्रिल, शुक्रवार

पेशी उगवल्या! मोठ्या बाईंनी हाच शब्द वापरला, जसं काही वाफ्यात बी टाकलं होतं. इतके दिवस रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य यायच्या, आज वर सरकल्या. दादाचा ताप उतरलाय. वहिनीनं काचेवर कपाळ टेकवलं आणि रडली. सिस्टरनं नंतर काच पुसली.

मी आईला फोन केला. आई म्हणाली, "बरं झालं. तू जेवलास का?" आईचं हे असंच.

३० एप्रिल, गुरुवार

सुटका झाली, पण अर्धी. दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. काही महिने इथंच राहायचं, दर गुरुवारी दाखवायला जायचं. आतल्या खोलीत दादा, बाहेरच्या खोलीत खरं तर वहिनी आणि मी, पण वहिनीला नेमकी काल सर्दी झाली. तिला दारातनं परत पाठवलं. साधी सर्दी दादाला महागात पडू शकते. बिचारी पिशव्या उंबऱ्यापाशी ठेवून, तोंडाला ओढणी धरून, जिन्यातनंच ओरडून सगळं सांगत होती, पाणी उकळून, फळं सोलून, औषधं डब्यात लावलीत, सकाळची पिवळ्या, रात्रीची निळ्या. दादा आतनं म्हणाला, "अगं, शेजारच्यांनाही पाठ झालं." वहिनी माहेरी गेली. पूर्ण बरी झाल्याशिवाय येणार नाही.

म्हणजे दादाचं सगळं माझ्यावर. पण खरी बातमी पुढंच आहे. रोज संध्याकाळी दवाखान्यातनं चौकशीचा फोन येणार, आणि तो करणार ती! निघताना मला बाजूला घेऊन समजावलं. ताप, पुरळ, जुलाब, खाणं, आणि तळहात-तळपाय. "तुम्ही स्वतः बघून सांगायचं. विचारून नाही, बघून."

दादानं तिचं नाव ठेवलं, चौकशीबाई.

३ मे, रविवार

"भडकू, तुझी चौकशी आली बघ," दादा आतनं ओरडतो आणि मी पहिल्याच रिंगला उचलतो.

आज बराच वेळ बोललो. ताप? नाही. पुरळ? नाही. पोट? ठीक. मग तिनं विचारलं, "आणि तुमची कंबर?" माझी कंबर तिच्या लक्षात आहे. मी म्हटलं, कंबर काय, कंबर मजेत. मग तिला दादाच्या लिफ्टच्या गमती सांगितल्या. ती हसली. मास्कशिवायचं हसू फोनवर कळतं.

७ मे, गुरुवार

दाखवून आलो. सगळं छान. मोठ्या बाईंनी दादाची पाठ, पोट, कानामागं, सगळं उलटून पालटून बघितलं. म्हणाल्या, "असंच चालू ठेवा. काहीही नवीन दिसलं तर त्याच दिवशी." दादा म्हणाला, "माझ्यात नवीन काय दिसणार, आतला भाऊच जुना आहे."

९ मे, शनिवार

दादाचं माझ्याशी काहीतरी बिनसलंय.

सकाळपासून तीन-चारदा मोरीत जाऊन बसला. नळ फुल्ल सोडून. तोही बराच वेळ. घरमालकीण वर आली, "पाण्याची टाकी रिकामी होतेय, आंघोळी करताय की होडी चालवताय?" मी तिच्यावर खेकसलो. मग दादाला विचारलं तर म्हणाला, "जरा एकटं बसू दे की. चोवीस तास तुझंच तोंड."

माझंच तोंड! बरोबर आहे. अंगात मी, घरात मी. कंटाळणारच माणूस.

जेवला नाही नीट. म्हणाला, तुझा भात कच्चा. कच्चा नव्हता.

चौकशीबाईनं विचारलं, "पोट कसंय?" दादा आतनं ओरडला, "ठीक सांग!" मी ठीक सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्ही बघितलं ना?" मी म्हटलं, तुमचा आवाज ऐकला की सगळं ठीकच वाटतं. ती जरा गप्प झाली. मला वाटतं लाजली.

११ मे, सोमवार

भर उन्हाळ्यात दादा मोजे घालून बसलाय. पंखा बंद. लाईट बंद. "थंडी वाजते," म्हणतो. मी थर्मामीटर लावलं तर ताप नाही. मी म्हटलं, मग थंडी कसली? तर, "तुला प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यायचा का?" दादा असा बोलत नाही कधी.

मी रागानं बाहेरच्या खोलीत आलो आणि भिंतीला लाथ घातली. पायाचं नख दुखतंय. दादा मला तोंडही दाखवत नाही, हात पांघरुणात, पाय मोज्यात. मी काय एवढा वाईट दिसतो? वहिनीचा फोन आला की मात्र गोड बोलतो. "सगळं मस्त, तू घाई करू नकोस, सर्दी पूर्ण जाऊ दे."

संध्याकाळचा फोन हाच काय तो दिवसातला आनंद. आज तिनं तळव्यांचं विचारलं. मी म्हटलं, मोज्यात आहेत, पण ठीक. ती म्हणाली, "मोजे काढून बघा." मी म्हटलं, आमचं दोघांचं बोलणं बंद आहे. ती म्हणाली, "बोलायचं नाहीये, बघायचंय." किती हट्टी आहे. मला हट्टी मुली आवडतात. उद्या बघतो म्हटलं.

१३ मे, बुधवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

काल बघितलं नाही. काल आमचं पुन्हा वाजलं होतं, आणि फोनवर "ठीक" सांगून मी गप्पाच मारत बसलो.

आज संध्याकाळी चहा नेला. ग्लास हातात देताच दादा ओरडला आणि ग्लास खाली पडला. चहा गरम नव्हता. मी स्वतः पिऊन बघितला होता. मी म्हटलं, मुद्दाम टाकलास. दादा म्हणाला, "हो." तेव्हा माझं टाळकं सरकलं. मी त्याचा पांघरुणातला हात खेचून बाहेर काढला.

तळहात लालभडक. भाजल्यासारखा. मी मोजे काढले. तळपाय तसेच. सदरा वर केला, पोटावर पाठीवर पुरळ, कानापर्यंत.

"हे कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन दिवस."

"आणि मोरीत?"

त्यानं मोजे परत चढवायला घेतले.

"दादा, मोरीत?"

"पोट धरत नाहीये. गुरुवारी सांगणारच होतो."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही, घरमालकीण वर आली एवढं पुरे. दादा नुसता भिंतीकडं बघत होता. मग म्हणाला, "ते तुझं आहे ना रे. तू दिलेलं. तू पालथा पडून कण्हत होतास तेव्हा ऐकलंय मी. आता त्याचीच तक्रार कशी करू? तुला कळलं असतं की तुझ्या पेशी मला त्रास देतायत, तर तू स्वतःला खाल्लं असतंस. मला वाटलं जाईल आपोआप."

तेवढ्यात फोन वाजला. तीच. "ताप?" तिनं नेहमीसारखी सुरुवात केली. मी म्हटलं, "तळवे लाल आहेत. पोट शनिवारपासून."

तिचा आवाज एकदम बदलला. "निघा. आत्ता. मी वॉर्डात सांगून ठेवते. रिक्षा मिळेपर्यंत त्यांना उभं ठेवू नका." तिनं एकदाही विचारलं नाही, आधी का नाही सांगितलं. तेच जास्त लागलं.

१४ मे, गुरुवार

दादा पुन्हा आत. कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवलाय, पण मोठ्या बाई त्याची वाट बघत नाहीत. रात्रीपासून स्टिरॉइड सुरू.

बाई दादाला झाप झाप झापत होत्या. दादाला! मोठा झाल्यापासून त्याला कुणी झापलेलं मी बघितलेलं नाही. "ह्या आजारात लपवलेला एक दिवस म्हणजे काय, माहितीये? कातडीवरनं तो आतड्यात जातो, आतड्यातनं यकृतात. पहिल्या दिवशी आलात तर गोळ्यांवर भागतं. उशीर केलात तर स्टिरॉइडलाही जुमानत नाही, मग माझ्या हातात फार थोडं राहतं."

"आता कितपत आहे?" मी विचारलं.

"मधलं. तीन-चार दिवसांत उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर दुसरं औषध."

उतरलं पाहिजे. उतरलंच पाहिजे. दुसरं काही सुचत नाहीये.

मी बाईंना म्हटलं, काढा ते माझं सगळं बाहेर. नालायक आहे. जिथं जातं तिथं भांडतं. कॉलेजात भांडलं, घरमालकिणीशी भांडलं, आता दादाच्या आतड्यांशी. बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "स्वभाव पेशींतनं जात नाही रे. माझ्याकडं गरीब गायीसारख्या बायकांच्या पेशी पेशंटच्या जिवावर उठल्यात. आणि ऐक, थोडं भांडण मला हवंच आहे. दादाच्या रक्तात कॅन्सरचा एखादा कण लपला असेल तर तो तुझ्याच पेशी शोधून मारणार. मला भांडण बंद नाही करायचं. आवाज खाली आणायचाय."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. ती तिथनं चालली होती. मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा बोलला नाहीत. आता बोला."

ती म्हणाली, "रोज विचारत होते मी. बघितलं का, बघितलं का. आणि तुम्ही मला माझ्या आवाजाबद्दल सांगत होता." मग म्हणाली, "मीच तेव्हा तुमच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी फोनवर बोलवायला हवं होतं. पुढच्या वेळी बोलवीन." आणि गेली.

मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. जमीन फरशीची होती.

१६ मे, शनिवार

उतरलेलं नाही. वाढलेलंही नाही. वहिनी आली, सर्दी पूर्ण गेली, तिलाही तपासून आत घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो की मला थोबाडीत मारेल. मारली नाही. दादाजवळ बसून त्याच्या तळहातांना मलम लावत राहिली आणि म्हणाली, "दोघं भाऊ सारखेच. एक बोलून जीव घेतो, एक न बोलून."

१८ मे, सोमवार

सकाळी दादाचे तळवे बघितले. मी स्वतः, उजेडात नेऊन. लाल होते, पण कालच्यासारखे भाजके नव्हते. मला खात्री वाटेना. वहिनीला बोलावलं. तिला खात्री वाटेना. सिस्टरला बोलावलं. मग मोठ्या बाई आल्या, अंगठ्यानं तळवा दाबून बघितला, पोटावरचं पुरळ बघितलं, किती वेळा जावं लागलं ते विचारलं. दादा म्हणाला, "काल रात्रीपासून एकदाच."

बाई म्हणाल्या, "ऐकतंय औषध."

दोनच शब्द. वहिनी खाली बसली, खुर्ची नव्हती तिथं, सरळ फरशीवर. बाई तिला उठवायला वाकल्या तर वहिनीनं त्यांचाच हात धरून ठेवला. मी बाहेर पळालो आणि हात धुवायच्या बेसिनपाशी तोंड धूत उभा राहिलो. बराच वेळ. अंगठेसुद्धा धुतले.

२३ मे, शनिवार

पुरळ जवळजवळ गेलंय, कातडीचे पापुद्रे निघतायत. पण आता नवीनच.

दादानं चमचा फेकला! सूप गार आहे म्हणून. मग वॉर्डबॉयवर ओरडला. मग टीव्हीवर. मग टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्यावर. दादा! जो लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना वरनं गोष्टी सांगत शांत ठेवतो!

बाई काहीही म्हणोत, हा मीच आहे. माझाच आवाज त्याच्या तोंडातनं येतोय. मी वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "अरे वेड्या, त्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी होतं असं. चिडचिड होते, भूक लागते, झोप लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

भूक तर काय विचारता. सकाळी सहा पाव. मग, "भडकू, बिस्किटं कुणी संपवली?" "तूच." "मी संपवली तर आणायची कुणी?" हे अगदी माझं वाक्य आहे. गोळ्या वगैरे ठीक आहे.

२९ मे, शुक्रवार

परत दोन खोल्यांत. या वेळी वहिनीही सोबत आहे. मी आता आतल्या खोलीच्या दारात आडवा झोपतो, दार उघडं ठेवून, म्हणजे दादा रात्री उठला की मला ओलांडावं लागतं. वहिनी म्हणते, कुत्रं पाळल्यासारखं वाटतं. वाटू दे.

संध्याकाळी फोन. तीच होती. मी काही फालतू बोललो नाही. "तळवे बघितले, दोन्ही, खिडकीपाशी. पाठ बघितली. कानामागं बघितलं. पोट एकदाच." ती म्हणाली, "शाब्बास." मीही पुढं काही बोललो नाही. ठेवल्यावर वाटलं, बोलायला हवं होतं.

९ जून, मंगळवार

आज दादाला खास रक्ततपासणीला बोलावलं होतं. मी दवाखान्यात बाहेर बसलो होतो तेव्हा शेजारी एक काका, त्यांच्या बायकोचंही दादासारखंच तीन आठवड्यांपूर्वी झालंय, मुलीनं मगज दिलाय. मी विचारलं, कशा आहेत? म्हणाले, छान आहेत, पाय गार पडतात म्हणून मोजे घालून बसते. मी ताडकन उठलो. "मोजे काढून बघितलेत का?" ते म्हणाले, "अहो, ती म्हणते ना ठीक आहे." मी एवढा ओरडलो की सिस्टर आली. त्या बाईंचे मोजे तिथंच काढले. पाय पांढरेफटक, गार, एकदम चांगले.

त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या होत्या. मी माफी मागितली. काका म्हणाले, "नाही नाही, रोज बघीन आता." मुलगी कोपऱ्यात उभी होती, माझ्याएवढीच. ती आईच्या पायांकडंच बघत राहिली.

१६ जून, मंगळवार

आज निकाल. मोठ्या बाईंनी आम्हाला तिघांना बसवलं. दादाच्या रक्तातल्या पेशी शोधून बघितल्या, त्या सगळ्या माझ्या आहेत. जुन्या दादाची एकही नाही. आणि कॅन्सरही कुठं सापडला नाही. "आज तरी सापडला नाही," बाईंनी नीट सांगितलं, "बघत राहायचं. स्टिरॉइड कमी करत आणू, पुरळ परत येऊ शकतं, तळवे बघणं सोडायचं नाही. पण आज मी खूश आहे."

वहिनी म्हणाली, "म्हणजे आता घरात दोन दोन भडकू."

"रक्तगटही याचाच झाला असेल," दादा म्हणाला. "लिफ्टवाल्यांच्या ओळखपत्रावर बदलून घ्यावा लागेल. कारण काय लिहू, भाऊ?"

दादानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तळवा मऊ होता, नवीन कातडीचा. मी तरीही उलटा करून बघितला. बाई हसल्या.

मग कॅन्टीनला चहा आणायला गेलो तर ती तिथं एकटी खात बसलेली. मास्क खाली. मी पहिल्यांदाच तोंड बघितलं. पुढचे दोन दात जरा पुढं, हनुवटीला खळी. मी मनात अडीच महिने वेगळंच तोंड काढत होतो. हे जास्त बरं होतं, पण ओळखीचं नव्हतं, आणि मी एकदम परक्यासारखा उभा राहिलो.

"निकाल कळला," ती म्हणाली. "उद्यापासून तुमच्याकडं रोजचा फोन नाही. आता तुम्ही तिकडनं करायचा, काही दिसलं तर."

"मग संध्याकाळी मी कुणाशी बोलू?"

"दादाशी बोला की. दोघांत जरा बोलणं झालं असतं तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "आज फोनच्या खोलीत नवीन मुलगी बसली. तिला मी तुमचं उदाहरण दिलं."

"कसलं?"

"दोन्ही. आधीचं आणि नंतरचं," ती म्हणाली, आणि मास्क वर केला.

मी चहा घेऊन वर आलो. तीन कप, एक सांडला. वाटेत मला वाईटही वाटत होतं आणि हसूही येत होतं. ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही. फोन येणार नाही म्हणजे दादा बरा आहे. म्हणजे मला फोन आला नाही की आनंद व्हायला पाहिजे. होईल हळूहळू.

२० जून, शनिवार

संध्याकाळ झाली, फोन वाजला नाही. तो वाजायच्या वेळेला मी दादाचे तळवे बघितले. दादा म्हणाला, "आता माझ्या हस्तरेषा पाठ झाल्या असतील तुला."

जेवण झालं. दादा दोनदा वाढून घेऊन जेवला आणि चमचा फेकला नाही. वहिनीनं आज आतल्या खोलीत नवीन चादर घातली होती आणि केस धुतले होते. मी नेहमीसारखी माझी चटई दारात टाकायला घेतली, तर दादा म्हणाला, "आज नको."

"का? रात्री उठलास तर?"

"उठलो तर वहिनी आहे."

"तिला गाढ झोप लागते. मागं एकदा..."

"भडकू," वहिनी म्हणाली, खिडकीकडं तोंड करून, "जा ना, जरा फिरून ये. नाक्यापर्यंत जा. पलीकडं सिनेमाचं थेटर आहे. खेळ बघून ये."

"आत्ता? एकट्यानं?"

"सगळी माणसं एकट्यानंच जातात," दादा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी घाबरून पुढं झालो, कानामागं बघितलं. पुरळ नव्हतं. वहिनी फिस्सकन हसली, आणि मग दादाही, आणि दोघं माझ्याकडं बघून असे हसत राहिले की मला कळेना माझं चुकलं काय.

माझ्याबद्दलच बोलायचं असणार त्यांना. कॉलेजचं. पुढच्या वर्षी परत घालायचं का वगैरे. बोलू देत, बरंच झालं. मी नसताना बोललं की निर्णय लवकर होतो.

"मोबाईल चालू ठेवतो," मी म्हटलं. "काही लागलं तर..."

"काही लागणार नाही," दादा म्हणाला. असं तो कितीतरी दिवसांत बोलला नव्हता. म्हणजे बोलला होता, पण तेव्हा ते खोटं होतं. आज मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. खरं होतं.

मी वही खिशात घातली, चपला पायात सरकवल्या, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.